ब्रेकचा आकडा आणि त्याची साक्ष

सहलीसाठी बस ठरविताना आम्ही विचारतो, "ब्रेक चांगले आहेत ना?" "एकदम चांगले," असे उत्तर येते आणि आम्ही मुलांना बसमध्ये बसवितो. परंतु 'चांगले' हे मत झाले, चाचणीचा निष्कर्ष नव्हे.

रस्त्यावरील चाचणीत ब्रेक दाबल्यापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंतचे अंतर मोजतात. समजा, ब्रेकमुळे वेग दर सेकंदास ताशी 18 किलोमीटरने घटतो. मग ताशी 40 किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे 12 मीटरांत थांबेल. वेग 80 असल्यास सुमारे 49 मीटर लागतील. वेग दुप्पट, अंतर चौपट! म्हणून ब्रेक दाबतानाचा नेमका वेग नोंदविल्याविना अंतराला अर्थ नाही. चाचणी 60 च्या वेगाची ठरली आणि वेग 62 भरला, तर मोजलेले 30 मीटर अंतर दोन वेगांच्या गुणोत्तराच्या वर्गाने दुरुस्त करावे लागते. ते 28 मीटर येते. अहवालात दोन्ही आकडे असावेत. शिवाय, धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर यात नसते. त्यास एक सेकंद लागला, तरी 60 च्या वेगाने वाहन जवळजवळ 17 मीटर पुढे गेलेले असते.

तपासणीच्या रोलर यंत्रावर प्रत्येक चाकाचे ब्रेकबल मोजले जाते. समजा, पुढच्या डाव्या चाकाचे 4000 न्यूटन व उजव्याचे 3000 भरले. बेरीज पुरेशी दिसेल. पण फरक मोठ्या आकड्याच्या 25 टक्के आहे. जोराने ब्रेक लावताच गाडी डावीकडे ओढली जाईल. केवळ बेरीज सांगणारा अहवाल हा दोष झाकतो.

इतिहासाच्या अध्यापनात काळ आणि स्थळ ठाऊक नसलेले साधन आम्ही पुरावा म्हणून सहज स्वीकारीत नाही. ब्रेकच्या आकड्याचेही तसेच आहे. गाडी रिकामी होती की भरलेली, रस्ता कोरडा होता की ओला, चढ होता की उतार, टायरची स्थिती व त्यांतील हवा कशी होती, ब्रेक तापलेले होते का, हे सारे लिहिले पाहिजे. अनेक फेऱ्यांपैकी उत्तम तेवढी सांगणे ही अर्धसत्याची नोंद होय. सर्व फेऱ्या द्याव्यात.

पालकांनो, माजी विद्यार्थ्यांनो, पुढच्या सहलीपूर्वी आपण सर्व मिळून बसचा तपासणी अहवाल मागू या, त्यावरील तारीख पाहू या आणि भरलेल्या बसचा आकडा विचारू या. कारण आपली मुले रिकाम्या बसमधून जात नाहीत.