प्लॅन मीटरचा, वीट नऊ इंची

सकाळी ७
सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर वर्दळ वाढते तेव्हा तामलवाडीत आमचं काम सुरू होतं. सध्या हातात एक घरकुल आहे. कागदावर २५ चौरस मीटर लिहिलंय. मालक विचारतो, "म्हंजी किती फूट, मिस्त्री?" २६९ चौरस फूट म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं खोल्या उभ्या राहतात.

सकाळी ८
आखणी. ओळंबा, गुण्या, लाइनदोरी. काटकोन तीन-चार-पाचानं काढायचा. त्या हिशेबाला फूटही चालतो, मीटरही. वडिलांनी मला तो घडीच्या लाकडी फूटपट्टीवर शिकवला. तिच्यावर नुसते इंच आणि सूत. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीच झाला होता, पण त्या पट्टीपर्यंत तो काही पोचला नाही. वडील माळवदाची घरं खणांवर सांगायचे. भिंतीचं तर आजही तेच. मानकातली वीट १९ सेंटिमीटरची, पण आमच्याकडं येणारी भट्टीची वीट ९ इंची, म्हणून भिंतही नऊ इंचीच.

सकाळी ११
लोखंडाला मात्र बदलावंच लागलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजही आम्ही तीन सुती, चार सुती म्हणतो. दुकानातून येतो १० आणि १२ मिलिमीटरचा बार. चार सूत नीट मोजले तर १२.७ मिलिमीटर भरतात. म्हणजे १२चा बार जुन्या चार सुतीपेक्षा बारीक, लोखंड दहावा हिस्सा कमी. १०चा उलट तीन सुतीपेक्षा जाड. म्हणून नाव काहीही घ्या, बारवर उमटलेला आकडा वाचा. १२चा बार मीटरला ०.८८९ किलो भरतो. १२ मीटरची लांबी साधारण पावणेअकरा किलो. मी वजनकाट्यावर ताडून घेतो. गरिबाच्या छपराचा प्रश्न असतो.

रिंगा बांधणारा पोरगा विचारतो, "दीडशे म्हंजी किती?"
"सहा इंचाला किंचित कमी. पण टेप उलटा धर आन् दीडशेच मोज."

दुपारी १
भाकरी सोडली की भूकंपाची आठवण निघते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीबरोबर लोहारा-उमरगा भागातली गावंही हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं गेली. पुनर्वसनाच्या कामावर मी पोरवयात बिगारी होतो. मिलिमीटरचा नकाशा तिथं पहिल्यांदा पाहिला. पण गावकऱ्यांना घरं सांगितली ती २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. ते बरोबरच होतं. सगळं गमावलेल्या माणसाला आपलं नवं घर केवढं, हे त्याच्या मापात कळायलाच हवं.

दुपारी ३
वीटकाम. थापी, घमेलं, ऊन.

संध्याकाळी ६
मोजमाप. भांडणं इथंच होतात. वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर, प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फुटांचा. त्यात एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट बसतात. दर एका मापात ठरला आणि बिल दुसऱ्यात आलं, की मालक किंवा मजूर, एकजण बुडालाच.

घर बांधायला काढलं असेल तर दर फुटावर, मीटरवर की ब्रासवर, आणि दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, हे जोत्याआधीच दोघांच्या सहीनं लिहून ठेवा.