नाताळच्या झाडावर काय, आणि का

डिसेंबरात सिल्वाशाच्या एखाद्या दुकानात नाताळचं झाड उभं दिसलं, की ते पोर्तुगिजांनीच इथं आणलं असणार असं वाटतं. तारखा मात्र जुळत नाहीत. एका जहाजाच्या भरपाईपोटी पेशव्यांकडून नगर हवेली, म्हणजे सिल्वाशाचा मुलूख, पोर्तुगिजांकडे गेली १७८३ मध्ये. तेव्हा खुद्द लिस्बनमध्ये नाताळला झाड सजवायची चाल नव्हती. तिथला घरगुती नाताळ म्हणजे गव्हाणीचा देखावा: बाळ येशू, मरिया, योसेफ, गाय, गाढव. झाड पोर्तुगालच्या राजवाड्यात शिरलं ते १८४० च्या दशकात, राणी मारिया दुसरी हिचा जर्मन नवरा फर्डिनांड याच्या हौसेपायी. त्याच काळात त्याचा चुलतभाऊ आल्बर्ट इंग्लंडच्या राजघराण्यात झाडाचं कौतुक वाढवत होता. चुलतभावांनी सासरी नेलेली ही माहेरची रीत.

त्या माहेरी, म्हणजे जर्मन मुलखात, २४ डिसेंबर हा आदाम-एवेचा दिवस मानत. त्या दिवशीच्या धार्मिक नाटकाला एदन बागेतलं झाड लागे. पण ऐन हिवाळ्यात सफरचंदाला पान नसतं. म्हणून सदाहरित फर उभा करायचा आणि त्यालाच सफरचंदं बांधायची. घरातल्या झाडाचा उगम बहुतेक अभ्यासक इथंच शोधतात. १६०५ च्या सुमारचं स्ट्रासबर्गचं एक टिपण सांगतं, की लोक दिवाणखान्यात फर उभे करत आणि त्यांवर रंगीत कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख, मिठाई टांगत. बघा, यात मेणबत्ती कुठेच नाही. पहिली मेणबत्ती मार्टिन ल्यूथरनं लावली ही गोष्ट गोड आहे, पण त्याच्या काळातला पुरावा तिला नाही.

सफरचंदाचा गोळा झाला थुरिंगियातल्या लाउशा या काचकाम करणाऱ्या गावात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. काचेची नळी ज्योतीवर फिरवत मऊ करायची आणि फुंकून फुगवायची. मग आत चांदीच्या क्षाराचं द्रावण घालून गोळा हलवायचा, की आतून आरसा धरतो. नंतर बाहेरून रंगात बुडवायचा, वाळल्यावर नळीचं शेपूट कापायचं आणि तारेची कडी असलेली टोपी बसवायची. चमक आतून येते, म्हणून वरचा रंग थोडा उडाला तरी गोळा निस्तेज होत नाही. पोरांचं मात्र नुकसान झालं; पूर्वी झाड उतरवताना त्यावरचा खाऊ त्यांना मिळायचा.

चकाकत्या झिरमिळ्यांचा धागा तर आपल्या शेजारीच सापडतो. चांदीची तार ओढून, ठोकून चपटी करायची, हे न्युरेंबर्गचे कारागीर करत. सुरतेच्या जरीतला बादला असाच होतो. आता दोन्हीकडे बहुधा प्लास्टिकची फिल्म असते. तिच्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा थर बसवून बारीक पट्ट्या कापतात.

दिवे सगळ्यात धाकटे. त्यांच्याआधी झाडावर मेणबत्त्या असत, आणि त्या पेटत्या असताना पाण्याची बादली जवळ ठेवावी लागे. १८८२ मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कच्या आपल्या घरी लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे झाडावर लावले.

आता खुद्द झाड. फर आपल्या किनाऱ्यावर उगवत नाही, म्हणून कोकण-गोव्यात सुरूची फांदी आणतात. दमणच्या जांपोर किनाऱ्यावर सुरूचं बनच आहे. सुरूच्या ‘सुया’ म्हणजे पानं नव्हेत, त्या हिरव्या काड्या. एक काडी दोन्ही टोकांना धरून ओढा: ती सांध्यावर निखळते, आणि तिथं बारीक दात्यांचं कडं दिसतं. पानं ती तेवढीच. काडी लवचीक असते, त्यामुळे काचेचा जड गोळा टांगला की डहाळी खाली लोंबते. सुरूवर कागदी चांदण्या आणि कापूसच शोभतो, असं माझं मत.

प्लास्टिकच्या झाडाची फांदी बाटली घासायच्या ब्रशासारखी बनते. पीव्हीसीच्या पत्र्याला झालरीसारखे काप देतात आणि ती झालर दोन तारांमध्ये धरून पीळ घालतात. फांद्या बुंध्याला बिजागरीनं जोडलेल्या असल्या, की सण झाल्यावर झाड मिटून खोक्यात जातं.

गव्हाण मात्र या झाडाखालीही मांडली जाते. गोव्यात तिच्यासाठी थोडे दिवस आधी नाचणी पेरतात. कोवळे हिरवे कोंब वर आले, की तेच गव्हाणीभोवतीचं कुरण.