शिरूर-दौंडचा काळा दगड आणि सरकणारी जमीन

शिरूर-दौंडकडच्या माणसाला काळ्या दगडाचे नवल नाही. विहीर खणा, घराचा पाया खणा. वरची माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. आपल्या कित्येक बांधवांची हयात याच दगडाला सुरुंग लावण्यात, खाणीवर खडी फोडण्यात आणि ती रेल्वेच्या रुळांखाली अंथरण्यात गेली. शिरूर तालुक्याच्या टाकळी हाजीजवळ, कुकडीच्या पात्रात, निघोजचे प्रसिद्ध रांजणखळगे आहेत, तेही याच दगडातले. दर १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने भीमा कोरेगावला मानवंदनेसाठी जातो, तिथल्या मातीखालीही हाच खडक आहे.

शास्त्रज्ञ याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि आजचा बहुतेक महाराष्ट्र त्याखाली झाकला गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक पसरलेला आहे.

परंतु हा दगड जिथे थिजला, त्या जागी आज तो नाही. तो थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, २५ ते ३० अंशांवर होती. आज शिरूर आणि दौंड विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांच्या आसपास आहेत. म्हणजे ही जमीन, नदीनाल्यांच्या खालच्या खडकासकट, सुमारे पाच हजार किलोमीटर सरकून इथे आली आहे. जगातले नामवंत भूशास्त्रज्ञ ही गोष्ट मानायला पन्नास वर्षे तयार नव्हते. अखेर त्यांना ती मानावी लागली, आणि ज्या पुराव्यांमुळे मानावी लागली त्यांत आपल्या या दगडाचीही साक्ष आहे. शाळेच्या पुस्तकात ही हकीकत थोडक्यात उरकली जाते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर या तरुणाने असे मांडले की, सर्व खंड एकेकाळी एकत्र होते आणि पुढे फुटून दूर गेले. १९१५ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा फाटलेल्या कागदाच्या दोन तुकड्यांसारखे जुळतात, हे नकाशा पाहणाऱ्या कोणाही मुलाला दिसते. वेगेनरने त्याला पुरावे जोडले. समुद्रापलीकडच्या दोन देशांत एकाच जातीच्या वनस्पतींचे अवशेष कसे? आज जिथे कडक ऊन आहे तिथे बर्फाच्या खुणा कशा? अशी खूण आपल्या महाराष्ट्रातही आहे. चंद्रपूरकडे पैनगंगेच्या खोऱ्यात इरईजवळ, सरकत्या हिमनदीने घासून ओरखडे पाडलेला खडक एकोणिसाव्या शतकातच नोंदला गेला होता. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हिमनदी! त्या काळातल्या खडकांना आणि दक्षिणेकडच्या त्या जुन्या महाखंडाला जगभर जे ‘गोंडवन’ नाव मिळाले, ते आपल्या गोंड आदिवासींच्या भूमीवरून. नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांना गोंड माणूस ठाऊक असतो, हा प्रश्न वेगळा.

वेगेनर हा हवामानशास्त्राचा माणूस, भूशास्त्राच्या पंगतीतला नव्हे. पंगतीबाहेरच्याने ताटाकडे हात केला की काय होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्याची टिंगल झाली. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये तज्ज्ञांची बैठक भरली, तीत बहुतेकांनी त्याचे म्हणणे धुडकावले. सारखे प्राणी आणि वनस्पती दोन्हीकडे कशा, यावर त्यांचे उत्तर तयार होते: खंडांना जोडणारे भूपूल होते, ते समुद्रात बुडाले. १९३० साली ग्रीनलँडच्या बर्फात संशोधन करतानाच वेगेनर वारला. वय अवघे पन्नास.

तरीपण विरोधकांवर सरसकट अन्याय करू नये. एवढे मोठे खंड कोणत्या शक्तीने सरकतात, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. वेगेनरने सांगितलेली शक्ती फारच अपुरी होती. ते चुकले ते पुढच्या पायरीवर. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर, पेटीत रोकड जादा निघाली आणि ती कशी आली हे कारकुनाला सांगता आले नाही, म्हणून रोकडच नाही असा शेरा मारता येत नाही. रोकड मोजावी लागते.

ती मोजली गेली ती चुंबकाने. लाव्ह्यात लोहयुक्त खनिजांचे बारीक कण असतात. लाव्हा निवताना हे कण त्या ठिकाणच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरतात आणि दगडात ती दिशा कायमची कोंडली जाते. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्ताजवळ आडवी राहते. उत्तरेला जावे तसे तिचे उत्तर टोक खाली कलते, दक्षिणेला जावे तसे वर उचलते. जेवढे दूर तेवढा कल जास्त. म्हणजे दगडातला कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर जन्मला ते कळते. दगड फोडण्यापूर्वी त्याच्यावर दिशेची खूण तेवढी काळजीपूर्वक करावी लागते.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पॅट्रिक ब्लॅकेट या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाकडे यासाठी अतिशय नाजूक यंत्र होते. मुळात ते त्यांनी स्वतःचा एक वेगळाच सिद्धान्त तपासायला बनवले होते. त्यासाठी सुमारे १५ किलो सोन्याचा ठोकळा वापरला. सिद्धान्त टिकला नाही. ब्लॅकेटनी १९५२ साली ते स्वतः जाहीर केले आणि तेच यंत्र दगडांच्या कामाला लावले. त्यांच्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनचे दगड तपासून १९५६ साली निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९५८ साली डॉइच यांच्यासोबत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचाही निबंध आला. काही थरांत उत्तर-दक्षिण उलटलेली होती. तो हिशेब धरूनही निष्कर्ष तोच निघाला. दगडातला कल आजच्या जागेशी जुळत नव्हता, दक्षिण गोलार्धाशी जुळत होता.

केंब्रिजचा विद्यार्थी एडवर्ड अर्व्हिंग यानेही त्याच सुमारास भारतातील दगडांवरून भारत उत्तरेकडे सरकल्याचे ताडले होते. १९५४ साली त्याचा पीएच.डी.चा प्रबंध नामंजूर झाला. पुढे १९७९ साली हाच माणूस रॉयल सोसायटीवर निवडला गेला.

एवढ्यानेही सर्वांचे समाधान झाले नाही. निर्णायक पुरावा समुद्राच्या तळातून आला, आणि इथे आमच्या भगिनींनी एक नाव लक्षात ठेवावे: मेरी थार्प. अमेरिकेतील या बाईंनी जहाजांनी आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिक महासागराच्या तळाचा नकाशा काढला. बाई म्हणून त्यांना जहाजावर प्रवेश नव्हता. १९५२ च्या सुमारास त्यांना तळाच्या पर्वतरांगेच्या मधोमध लांबच लांब दरी आढळली. म्हणजे तिथे तळ फाटत होता. सहकारी ब्रूस हीझेन यांनी सुरुवातीला ते ‘मुलींच्या गप्पा’ म्हणून उडवून लावले. नकाशा खरा निघाला.

१९६२ साली हॅरी हेस यांनी मांडले की या दऱ्यांतून नवा तळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याची चुंबकीय खूण दाखवली, आणि तिची मोजणी झाली होती आपल्या अरबी समुद्रापलीकडच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर. १९६६-६७ पर्यंत बहुतेक विरोध मावळला. वेगेनरला ज्या शक्तीचे कोडे सुटले नव्हते, ती पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेत आहे. जमीन आणि समुद्रतळ दोन्ही मोठमोठ्या तबकांच्या रूपाने सरकतात.

विहारातल्या प्रवचनात कोणी म्हणतात की, तथागतांनी अनित्यता सांगितली त्यात हे सारे आलेच. मला ते पटत नाही. भगवंतांनी खंडांचे मोजमाप सांगितलेले नाही. कालामांना त्यांनी जे सांगितले ते मात्र इथे लागू आहे: परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतात, एवढ्यावरून मानू नका. न्यूयॉर्कच्या बैठकीतही गुरूच बसले होते.

भारत आजही वर्षाला सुमारे चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे. त्यामुळे हिमालय उचलला गेला आणि त्याच रेट्याचा ताण आपल्या खडकातही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तो मोकळा झाला आणि हजारो माणसे गेली. शेषाच्या फण्याची आणि पापाची भाषा अशा वेळी लगेच सुरू होते. पण भूकंपाइतकेच माणसांना मारले ते घरांनी: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड धाबे. आपल्याकडे अशी घरे अजून आहेत. नवी भिंत घालताना थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवावा, कोपरे नीट बांधून घ्यावेत आणि दारे-खिडक्यांच्या वर, चारी भिंतींवरून, लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा. गवंड्याला हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे.