घरचा पिझ्झा सॉस आणि घरची मर्यादा

परभणीच्या मोंढ्यात, सेलू-मानवतच्या कापूस बाजारात किंवा जिंतूरच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन घरांत आहाराचे नियम कधी वादाचा विषय नव्हते. काय चालते, काय चालत नाही, हे मुलांना पाटावर बसल्याबसल्या कळत असे. १९९६ साली डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोन परदेशी कंपन्यांनी भारतात पहिली दुकाने उघडली. त्यानंतर काही वर्षांतच पिझ्झा हा पदार्थ महानगरांतून जिल्ह्याच्या गावी आणि तेथून तालुक्यापर्यंत पोहोचला. आज शाळकरी नातवंडे आजीजवळ पुरणपोळीइतक्याच सहजतेने पिझ्झा मागतात. आजीचा प्रश्न मात्र जुनाच असतो: “बाळा, यात काय काय घातलं आहे?”

चीज, ढोबळी मिरची आणि मक्याचे दाणे डोळ्यांना दिसतात. दिसत नाही तो सॉस. कांदा, लसूण, शिळेपणा आणि टिकवणारी द्रव्ये या साऱ्यांची शंका त्या लाल थराशी येऊन थांबते. म्हणूनच अनेक घरांतील सुना आता सॉस घरीच करू लागल्या आहेत. त्यामागे काटकसर आहे, हौसही आहे. पण मुख्य हेतू असा की मुलांनी मनासारखे खावे आणि त्यासाठी त्यांना घराचा नियम उंबऱ्याबाहेर ठेवावा लागू नये.

मुळातच कांदा नाही

कांदा-लसणावाचून केलेला सॉस म्हणजे मूळ पदार्थाची अळणी नक्कल, असा एक समज तरुण पिढीत आढळतो. त्याला आधार नाही. टोमॅटो हे मूळचे दक्षिण अमेरिकेचे फळ. सोळाव्या शतकात ते स्पेनमार्गे युरोपात गेले आणि इटलीतील नेपल्स शहरात पिझ्झ्याशी त्याची कायमची गाठ पडली. त्या शहराच्या पारंपरिक पिझ्झ्याची व्याख्या युरोपीय संघाने २०१० साली कायद्याने नोंदवली. त्यात दोन प्रकार मान्य आहेत. ‘मारिनारा’त टोमॅटो, तेल, ओरेगॅनो आणि लसूण असतो. ‘मार्गेरिता’त टोमॅटो, मोझरेला चीज, तेल आणि बेसिलची पाने असतात. मार्गेरितात लसूण नाही आणि कांदा तर दोहोंतही नाही. नेपल्सच्या ज्या कारागिरीला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना असा बिनकांदा-लसणाचा आहे.

याचे कारण टोमॅटोतच आहे. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट हे नैसर्गिक द्रव्य भरपूर असते. जिभेला जो भरलेपणा जाणवतो तो त्यामुळे. फळ जितके पिकलेले आणि रस जितका आटलेला, तितकी ही चव गडद होते. पूर्ण लाल, घट्ट गराचा टोमॅटो निवडला आणि तो धीराने आटवला, तर चवीसाठी आणखी कशाच्या आधाराची फारशी गरज उरत नाही.

ओरेगॅनोऐवजी ओवा

पिझ्झ्याचा म्हणून जो वास ओळखला जातो तो बव्हंशी ओरेगॅनोचा. या पानांतील सुगंधी तेलात कार्व्हाक्रॉल व थायमॉल ही द्रव्ये असतात. थायमॉल हेच आपल्या ओव्याचेही मुख्य सुगंधी द्रव्य आहे. त्यामुळे तेलात तडतडलेला पाव चमचा ओवा सॉसला ओळखीचा सुवास देतो. हात मात्र आखडता ठेवावा. ओवा जास्त झाला की कडवटपणा येतो.

बेसिल हीदेखील परकी वनस्पती नाही. उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जा याच झुडपाचे बी होय. कुंडीत सब्जा पेरला की महिना-दीड महिन्यात पाने मिळू लागतात. चातुर्मासात ज्या घरी हिरवी पाने वर्ज्य असतात, तेथे ती गाळून केवळ ओवा, जिरे आणि मिरे यांवर सॉस उत्तम होतो.

आले हे जमिनीखालचे कंद असल्याने ते नको; ज्यांना चालते त्यांनी चिमूटभर सुंठ वापरावी. हिंगाबाबत घरोघरची प्रथा निराळी आहे. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते. ज्यांना तो खपत नाही त्यांनी जिरे थोडे वाढवावे.

कृती

साहित्य: पिकलेले लाल टोमॅटो १ किलो, लाल भोपळ्याच्या फोडी १०० ग्रॅम, करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल २ मोठे चमचे, जिरे अर्धा चमचा, ओवा पाव चमचा, हिंग चिमूटभर, कमी तिखट लाल मिरचीची पूड १ चमचा, मिरपूड अर्धा चमचा, गूळ १ चमचा, मीठ चवीप्रमाणे आणि चालत असल्यास सब्जाची आठ-दहा पाने.

बहुतेक पाककृतींत अख्खे टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून साल काढण्यास सांगितलेले असते. जैन स्वयंपाकघरात येथेच पद्धत बदलते. टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी पडते आणि कधीकधी तिचे छिद्र देठाजवळ झाकलेले राहते. फळ अख्खे उकळले तर आतला जीव नकळत मरतो. म्हणून टोमॅटो आधी धुऊन, प्रत्येकाच्या चार फोडी करून उजेडात पाहाव्यात. अळी दिसली तर फोडीसह ती अलगद बाहेर नेऊन ठेवावी. एवढे झाल्यावरच भांडे विस्तवावर चढवावे. एक किलो टोमॅटोला यासाठी पाच-सात मिनिटे लागतात. अहिंसेच्या दृष्टीने पाहता सबंध कृतीत सर्वांत मोलाची मिनिटे तीच.

नंतर टोमॅटो आणि भोपळ्याच्या फोडी जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवाव्यात. वेगळे पाणी घालण्याची गरज नसते, कारण टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणीच असते. लोखंडी कढई किंवा कल्हई नसलेले पितळी भांडे घेऊ नये. टोमॅटोच्या आंबटपणाने धातू सुटून चव बिघडते. दहा-बारा मिनिटांत फोडी मऊ होतात. त्या जरा निवल्या की पुरणयंत्रातून काढाव्यात. साल आणि बिया वर राहतात, खाली एकजीव गर उतरतो. कांद्यामुळे सॉसला जो दाटपणा आणि गोडवा येतो, तो येथे भोपळा देतो. गाजर-बीट घालण्याची सूचना अन्य ठिकाणी वाचायला मिळते. ती कंदमुळे असल्याने आपल्या उपयोगाची नाही.

पातेले पुसून त्यात तेल तापवावे. जिरे, ओवा व हिंग तडतडू द्यावेत, आच बारीक करून मिरचीची पूड घालावी आणि ती करपण्यापूर्वीच गर ओतावा. गर उडतो, म्हणून वर जाळीचे झाकण ठेवावे. वाफ निघून जाते आणि बाहेरचा किडाही आत पडत नाही. पंचवीस-तीस मिनिटे, अधूनमधून बुडापासून ढवळत आटवावे. गूळ, मिरपूड, पाने आणि मीठ शेवटी घालावे. मीठ आधी घातले तर रस आटल्यावर खारटपणा वाढतो.

सॉस झाला की नाही हे पाहण्यासाठी एक चमचा ताटलीत टाकावा. कडेने पाण्याची वेगळी रेघ सुटली तर आणखी आटवायचा आहे. गोळा जागच्या जागी राहिला तर झाला. ही परीक्षा टाळली की पिझ्झ्याचा तळ हमखास ओला पडतो.

काही घरांत बहुबीज म्हणून टोमॅटोच वर्ज्य असतो. त्यांनी अर्धा किलो लाल भोपळा थोड्या पाण्यात शिजवून हीच फोडणी द्यावी आणि आंबटपणासाठी आमचूर किंवा आमसुलाचा कोळ घालावा. रंग थोडा केशरी येतो, चव खुलते.

किती करावा, केव्हा खावा

एक किलो टोमॅटोपासून साधारण ३५० ते ४०० ग्रॅम सॉस उतरतो. आठ इंची पिझ्झ्याला ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे पुरतात. हिशेब सोपा आहे: किलोभर टोमॅटोत सहा-सात पिझ्झे. चौघांच्या घरी अर्ध्या किलोवर काही लागत नाही.

हा हिशेब महत्त्वाचा, कारण पाण्याचा अंश असलेला शिजवलेला पदार्थ रात्र उलटली की वासी ठरतो. परदेशी पद्धतीने सॉस बाटल्यांत भरून वर्षभर ठेवणे आपल्या नियमात बसत नाही. आरोग्याच्या बाजूनेही घरगुती बाटलीबंद सॉस जपून हाताळावा लागतो. टोमॅटोची आम्लता फळागणिक बदलते आणि धोकादायक जिवाणू रोखण्यास लागणाऱ्या मर्यादेच्या ती अगदी काठावर असते. म्हणून बाटल्यांत भरताना मोजून लिंबाचा रस घालावा, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्या सॉसमध्ये तर भोपळ्यामुळे आंबटपणा आणखी कमी होतो. लागेल तेवढाच करावा आणि त्याच दिवशी संपवावा, हे सर्वांत निर्धोक.

साठवायचेच असेल तर कोरडा मसाला साठवावा: भाजलेले जिरे, ओवा, मिरे आणि लाल मिरची जाडसर कुटून ठेवावी. पिठाला दिगंबर परंपरेत हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची मर्यादा आहे. तिचे स्मरण ठेवून कुटलेला मसालाही थोडा थोडाच करणे बरे. घराची परंपरा कोणती आणि मसाल्याची मर्यादा किती, हे घरातील वडीलधाऱ्यांना किंवा गुरुमहाराजांना विचारून ठरवावे.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. पिझ्झा हा सर्वत्र रात्रीचा पदार्थ झाला आहे. परभणीत डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. दुकान वाढवून घरी येईपर्यंत हिवाळ्यात अंधार पडलेला असतो. रात्रिभोजन-त्याग पाळणाऱ्या घरांनी यासाठी रविवारची दुपार निवडावी. सकाळी सॉस, दुपारी पिझ्झा, आणि दुकानावर कोणी असेल तर त्यांच्या डब्यात दोन तुकडे. मुलांनाही मग पिझ्झा म्हणजे रात्रीची चैन न राहता घरच्यांसोबतचे जेवण वाटू लागते.

दुकानदाराची जबाबदारी

समाजातील अनेक कुटुंबांचा किराणा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक सॉसची बाटली हातात घेऊन विचारते, “शेठजी, हे जैन चालतं का?” पुष्कळदा हिरवे चिन्ह पाहून होकार दिला जातो. चौकोनातील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, म्हणजे त्यात मांस, मासे, अंडी यांचा अंश नाही एवढेच. कांदा, लसूण, बटाटा असलेल्या पदार्थावरही तो असतोच. खरे उत्तर घटकांच्या यादीत सापडते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. कांदा-लसूण बहुधा पूड म्हणून यादीच्या शेवटी येतात. कधी नुसतेच ‘मसाले’ असे मोघम लिहिलेले असते. अशा वेळी “माहीत नाही” हे उत्तर विक्री घालवील, पण पत राखील. आपल्या पेढ्या पतीवरच उभ्या राहिल्या आहेत.

भाकरीचा पिझ्झा

सॉस घरचा झाला तरी पिझ्झ्याचा तयार पाव यीस्टने फुगवलेला असतो आणि अनेकांना तो चालत नाही. त्याला परभणीजवळ उत्तर तयार आहे. मराठवाडा हा ज्वारीचा मुलूख. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. २०१८ साली आलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण तर लोह आणि जस्त अधिक असावे, या हेतूनेच तयार केलेले आहे. ताज्या ज्वारीच्या पिठाची जाडसर भाकरी एका बाजूने खरपूस भाजावी. त्या बाजूवर सॉस पसरून ढोबळी मिरची, मक्याचे दाणे आणि चीज किंवा घरचे पनीर घालावे, आणि तव्यावर झाकण ठेवून चार-पाच मिनिटे मंद आच द्यावी. प्रवासाला किंवा तीर्थयात्रेला निघताना भाकरीच्या जागी खाकरा घ्यावा. सॉस सकाळी करून वेगळ्या डब्यात न्यावा आणि नेमगिरीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर खाकऱ्यावर लावावा.

नातवंडे घरी असतील त्या रविवारी टोमॅटो चिरून उजेडात पाहण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. ते फोडी का तपासायच्या, हे विचारतील. त्याचे उत्तर आजीने द्यावे.