जस्ताचा तुकडा आणि जुनी बोट

धातूंची क्रियाशीलता श्रेणी आपण वर्गात शिकवतो. मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, तांबे अशी ती उतरत जाते. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण जुनी मोटरबोट विकत घेणाऱ्याला याच श्रेणीच्या आधारे आपले पैसे, आणि प्रसंगी जीवही, वाचवता येतो. ते कसे, हे या लेखात पाहू या.

अमेरिका, स्वीडन अशा देशांत तलावांवर आणि किनाऱ्यांवर खासगी मोटरबोटी मोठ्या संख्येने आहेत. तिथे जुन्या बोटींचा बाजारही मोठा आहे. यांतील अनेक बोटींना 'स्टर्नड्राइव्ह' नावाची यंत्रणा असते. १९५९ साली व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने 'अ‍ॅक्वामॅटिक' या नावाने ती बाजारात आणली. त्यामागची कल्पना जिम विन या अमेरिकन अभियंत्याची होती. १९६१ मध्ये 'मर्क्रूझर' हे अमेरिकन यंत्र आले आणि हा प्रकार सर्वत्र पसरला.

याची रचना समजून घेऊ. इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या टोकाला असते. त्याचा फिरता दांडा मागच्या फळीला पाडलेल्या भोकातून बाहेर येतो. बाहेर दंतचक्रांच्या एका जोडीने गती काटकोनात खाली वळते, आणि तळाशी दुसऱ्या जोडीने पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. बाहेरचा हा भाग डावी-उजवीकडे वळतो, वर-खालीही होतो. त्यामुळे सुकाणू वेगळे लागत नाही. दांडा वळता राहावा म्हणून मध्ये सार्विक सांधा असतो आणि त्याभोवती पाणी आत येऊ नये म्हणून रबराचा घडीदार भाता बसवलेला असतो.

सोय मोठी, पण तिची किंमतही आहे. बाहेरच्या भागाचे कवच अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आतले दांडे पोलादाचे आणि पंखा बहुधा स्टेनलेस स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. वेगवेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात बुडवले, की काय तयार होते? विद्युतघट! व्होल्टाने १८०० साली जे मुद्दाम केले, ते इथे आपोआप घडते. जो धातू अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन देतो तो झिजतो, दुसरा शाबूत राहतो. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या जोडीत झीज अ‍ॅल्युमिनियमची होते.

यावरचा उपाय जुना आहे. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत आणि ते समुद्रात झिजत. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी दाखवले, की त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले तर तांबे वाचते आणि तुकडे झिजतात. (गंमत म्हणजे, तांबे विरघळेनासे झाल्यावर त्यावर शिंपले आणि शेवाळ वाढू लागले आणि ही योजना सोडून द्यावी लागली!) आजही पोलादी जहाजांच्या तळाला असे 'बलिदानी' तुकडे लावतात आणि खाऱ्या पाण्यातल्या स्टर्नड्राइव्हलाही जस्ताचे तुकडे बसवतात.

इथे चौकस विद्यार्थी हटकेल: श्रेणीत अ‍ॅल्युमिनियम जस्ताच्या वर आहे. त्याचा प्रमाण विभव उणे १.६६ व्होल्ट, जस्ताचा उणे ०.७६. मग जस्त अ‍ॅल्युमिनियमला कसे वाचवणार? प्रश्न अचूक आहे. उत्तर अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर आहे. हवेत किंवा पाण्यात त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर क्षणात चढतो आणि धातू प्रत्यक्षात बराच 'सुस्त' होतो. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात इलेक्ट्रॉन देण्यात जस्तच पुढे असते. हे शाळेत पडताळून पाहता येते. मिठाच्या पाण्यात जस्ताची आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एकमेकींना न टेकवता बुडवा आणि व्होल्टमापी जोडा. जस्ताची पट्टी ऋण बाजूला आढळेल.

आता थोडे गणित. फॅरेडेच्या नियमानुसार एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर १.२२ ग्रॅम जस्त विरघळते. प्रवाह फक्त ५० मिलिअँपिअर असला, तरी वर्षाच्या ८७६० तासांत सुमारे ५३५ ग्रॅम जस्त संपते. म्हणजे तुकडे वेळोवेळी बदलायलाच हवेत. ते निम्मे झिजले की बदलावेत असा रिवाज आहे. बदलले नाहीत तर पुढची पाळी कवचाची.

म्हणून जुनी बोट पाहताना पहिली नजर या तुकड्यांवर टाकावी. अर्धवट झिजलेला, खडबडीत तुकडा हे चांगले लक्षण; तो काम करीत होता. तुकडा मुळीच नसेल तर कवचाला खड्डे पडले असण्याची शक्यता मोठी. तो जुना असूनही कोरा दिसत असेल तर संशय घ्यावा. कदाचित त्यावर रंग फासला असेल किंवा त्याचा विद्युतसंपर्क तुटला असेल. गोड्या पाण्यात जस्तावर थर जमून ते निष्क्रिय होते, म्हणून तिथे मॅग्नेशियम वापरतात. तेच समुद्रात फार लवकर संपते. तेव्हा बोट कोणत्या पाण्यात होती, आणि ती कायम पाण्यात असे की वापरानंतर गाडीवर काढून ठेवत, हे विचारावेच. गोड्या पाण्यातली, गाडीवर ठेवलेली बोट केव्हाही बरी. धक्क्यावरच्या विजेला जोडून ठेवलेल्या बोटींचे आणखी एक दुखणे आहे. भूसंपर्काच्या तारेने सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात आणि आपले जस्त शेजाऱ्याच्या बोटीसाठी झिजत राहते! ही वाट अडवणारे उपकरण बोटीवर आहे का, ते पाहावे.

दुसरी तपासणी तेलाची. दंतचक्रांच्या पेटीतले थोडे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, म्हणजे कुठली तरी सील निकामी झाली आहे. धातूचे चमकते कण दिसले तर चक्रे किंवा बेअरिंगे झिजत आहेत.

तिसरी तपासणी भात्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. रबर उन्हाने, ओझोनने आणि वयाने कडक होऊन तडकते. घड्या ताणून आतपर्यंत पाहाव्यात. समजा, पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर एक चौरस सेंटिमीटरची फट पडली. टॉरिसेलीच्या सूत्राने पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर येतो. फटीत धार आक्रसते हे धरूनही तासाला पाचशे लिटर पाणी आत येईल. उपसणारा पंप बंद पडला, तर रात्री बांधलेली बोट सकाळी तळाशी सापडू शकते. ती भर पाण्यात असेल, तर तिच्यातल्या माणसांचे काय होईल ते सांगायला नको.

शेवटी बोट पाण्यात चालवून, सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ऐकावे. खडखड किंवा गुरगुर ऐकू आली तर सार्विक सांधा किंवा त्याजवळचे बेअरिंग गंजले आहे. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळ्याही आतून गंजतात. त्या फुटल्या तर पाणी थेट इंजिनात शिरते, म्हणून त्या किती वर्षांच्या आहेत हेही विचारावे.

कोणत्या कंपनीचे यंत्र भरवशाचे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सुटे भाग मिळतात की नाही यासाठी नाव महत्त्वाचे खरे. पण नावाजलेले यंत्रही देखभालीशिवाय खड्ड्यांनी भरते, आणि साधे यंत्र वेळच्या वेळी बदललेल्या जस्तावर वर्षानुवर्षे चालते.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग. मिठाच्या पाण्याचे तीन पेले घ्या. एकात नुसता लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला, तिसऱ्यात जस्त चढवलेली तार गुंडाळलेला खिळा ठेवा. दोन-तीन दिवसांनी कोणता खिळा सर्वाधिक गंजेल, याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा आणि मगच पेल्यांकडे पाहावे.