कुमारवय, पाणी आणि लोकशिक्षण

‘अपघात’ हा शब्द मोठा फसवा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत नदीच्या डोहात एखादा मुलगा बुडतो, गाव हळहळते, ‘त्याची वेळच भरली होती’ असे म्हणून गप्प बसते, आणि पुढल्या उन्हाळ्यात त्याच डोहापायी दुसऱ्या घरावर कुऱ्हाड कोसळते. त्याच ऋतूत, त्याच वयाच्या मुलांना, तशाच ठिकाणी जे वारंवार घडते त्यास दैवयोग कसे म्हणावे? देवी आणि पटकी यांनाही एके काळी लोक दैवी कोपच मानीत असत. विल्यम हॅडन या अमेरिकन वैद्यकाने विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात इजेचा विचार रोगाप्रमाणेच करावयास शिकविले. इजा होण्यापूर्वी, होताना आणि झाल्यानंतर असे तिचे तीन टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर काय करता येईल, हे पाहावे, असे त्यांचे सांगणे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे बुडणे हे जगातले तिसरे मोठे कारण ठरले आहे. भारतात सरकारदरबारी नोंद होणारे असे मृत्यू अलीकडे दरवर्षी ३० हजारांहून अधिक असतात.

लहान मूल बुडते ते नजर चुकल्यामुळे. कुमारवयातील मुलगा मात्र बहुधा मित्रांच्या नजरेदेखत बुडतो, आणि ही नजरच पुष्कळदा त्याला पाण्यात ओढते. २००५ साली गार्डनर व स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मोटार हाकण्याच्या एका खेळाद्वारे हे दाखवून दिले. तेरा ते सोळा वर्षांची मुले सोबती पाहत असताना एकटी असतानापेक्षा पुष्कळच अधिक धोका पत्करीत. प्रौढांच्या वागण्यात असा फरक जवळजवळ पडत नसे. तेव्हा मुलाला एकट्याला समोर बसवून केलेला उपदेश कानावरून जातो, यात नवल ते काय? त्याच्या टोळीलाच शिकविले पाहिजे.

या टोळीचीच दुसरी बाजू अधिक हृदयद्रावक आहे. एक बुडू लागतो, दुसरा त्याला वाचविण्यास उडी घेतो, तिसरा दुसऱ्यासाठी. वर्तमानपत्रांत एकाच गावचे तिघे-चौघे एकाच दिवशी गेल्याच्या वार्ता येतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हीच साखळी असते. या मुलांना अविचारी म्हणणे हा अन्याय होय. त्यांच्यापाशी धैर्य होते, सख्य होते. नव्हते ते एवढेच ज्ञान की, बुडणारा माणूस हाताला लागेल त्यास कवटाळतो आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही तळाशी नेतो. म्हणून काठावरूनच काठी, बांबू किंवा फांदी पुढे करावी. तेवढ्याने भागत नसेल तर दोर फेकावा. आणि मोठ्याने ओरडून माणसे जमवावीत. दोर नसेल तर ओढणी आहे, फेटा आहे. नऊवारी लुगडे तर आठ मीटरांचा दोरच! बूच घट्ट लावलेला पाच लिटरांचा मोकळा कॅनही बुडणाऱ्याचे तोंड पाण्यावर राखण्यास बहुधा पुरतो. चित्रपटांतल्याप्रमाणे बुडणारा हात हलवून हाका मारील, या भरवशावर मात्र राहू नये. जो श्वासासाठी धडपडतो त्याला ओरडण्यास श्वास कोठून? बुडणे बहुधा निःशब्द असते आणि मिनिटभरात आटोपते.

हे शिकवावयाचे कोणी? धोक्याच्या पाट्या लावून कर्तव्य संपले असे मानण्याची सरकारी सवय जुनी आहे, आणि पाट्या गंजतात हा अनुभवही तितकाच जुना. भारत सरकारने २०१४ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या आरोग्याचा विचार करताना इजा व हिंसा यांनाही स्थान दिले आहे. आणि समवयस्कांनीच समवयस्कांना शिकवावे, हे त्याचे सूत्र आहे. मुलांचा स्वभाव पाहता ते अगदी रास्त आहे. गावच्या नदीचा कोणता डोह खोल, कोठे वाळू उपसून खड्डे पडले आहेत, कोणत्या खडकावरून सूर मारला तर उथळ तळावर डोके आपटून मानेचा मणका मोडेल, हे बाहेरच्या व्याख्यात्यापेक्षा गावातील मुलेच अधिक जाणतात. त्यांच्याकडूनच गावाचा नकाशा काढवून घ्यावा.

पोहणे शिकविण्याची तर आपल्याकडे जुनी परंपरा आहे. पाठीला सुका भोपळा बांधून वडीलधाऱ्यांनी मुलाला विहिरीत सोडावयाचे, ही रीत कित्येक गावांत होती. मुलींना मात्र हे शिक्षण क्वचितच लाभले. धुणे धुण्यास पाण्यावर जावयाचे त्यांनीच, आणि पोहावयाचे त्यांनी नाही, असा हा न्याय!

नव्या सोयींबरोबर नवे धोकेही येतात. महाराष्ट्रात शेततळी वाढली. प्लॅस्टिकच्या कागदाचे त्यांचे उतार ओले झाले, त्यांवर शेवाळ धरले, की पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन वर चढू शकत नाही. भोवती कुंपण आणि चारही उतारांवर सोडलेले गाठींचे दोर, एवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होईल. तळ्याच्या खर्चापुढे हा खर्च तो किती!

पाण्याबाहेर काढल्यावरची मिनिटेही तितकीच मोलाची असतात. बुडालेल्यास उलटे धरून फिरवणे, पालथ्या घागरीवर पोट दाबणे, हे प्रकार अजून दिसतात. त्यांत वेळ जातो आणि पोटातले पाणी घशाशी येऊन फुप्फुसांत शिरते. श्वास थांबला असेल तर त्यास उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून प्रथम तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी जोराने व जलद तीस वेळा दाबावे, पुन्हा दोन श्वास द्यावेत, आणि मदत येईपर्यंत हा क्रम सोडू नये. दुसऱ्या कोणी तरी तोवर १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. आठवी-नववीच्या वर्गात उशीवर किंवा गुंडाळलेल्या सतरंजीवर हा सराव तासाभरात करून घेता येतो. उन्हाळी सुटीच्या आधीच्या आठवड्यात, परीक्षा संपल्यावर शाळेत मुले नुसती बसून असतात, तेव्हा त्यास वेळही सापडतो.