हळद-लसणानं अँटिबायोटिकची पुडी बंद होते का?

घराशेजारी शंभर-दोनशे ब्रॉयलर पिल्लांची शेड सांभाळणाऱ्या जुन्नर-आंबेगावातल्या बचत गटांच्या तायांसाठी आजचं बोलणं आहे. मासिक बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. खाद्यात हळद, लसूण घातलं तर ती औषधाची पुडी बंद करता येईल का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. वाढ व्हावी म्हणून आपण रोज जी पुडी देतो ती बंद करता येते आणि करायलाच हवी. पण हळदीनं आजारी कोंबडी बरी होते, असं मात्र धरून चालू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आमच्याच गटाची चूक सांगतो. पहिल्या तीन बॅचना आम्ही दुकानातून आणलेली 'वाढीची पावडर' रोज पाण्यातून देत होतो. पाकिटावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं. चौथ्या बॅचला हगवण लागली, औषध दिलं, पण गुण येईना. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी काय देत होतात?" पाकीट दाखवलं, तर त्यात त्याच जातीचं अँटिबायोटिक होतं. दोनशेतली एकसष्ट पिल्लं गेली. कर्जाचे दोन हप्ते थकले.

असं का झालं? अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारणारं औषध. रोज थोडं थोडं दिलं की कच्चे जंतू मरतात आणि ज्यांना ते सोसतं ते उरतात. उरलेले वाढतात, आणि पुढं खरंच गरज पडते तेव्हा औषध हरतं. हे जंतू शेडमध्येच थांबत नाहीत. आपल्या हातावर, पाण्यात, कच्चं मांस कापलेल्या विळीवर येतात. कोंबडखत तसंच ओलं टाकलं तर टोमॅटो-कांद्याच्या रानातही जातात. चिकन नीट शिजवलं की जंतू मरतात, हे खरं. पण शिजवण्याआधी ते आपल्याच हातातून गेलेलं असतं.

कॉलिस्टिन नावाच्या औषधाचं उदाहरण घ्या. दवाखान्यात बाकीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर शेवटी ज्यांच्याकडे वळतात, त्यातलं हे एक. तेच कोंबड्यांना वाढीसाठी दिलं जात होतं. 2015 साली चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि माणसांतही कॉलिस्टिनला न जुमानणारे जंतू सापडले. जुलै 2019 मध्ये भारत सरकारनं कोंबड्या, मासे आणि खाण्यासाठी पाळलेल्या इतर जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. युरोपनं तर 2006 पासूनच वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं आहे. आपल्या लेकराला न्यूमोनिया झाला तर औषध लागू पडलं पाहिजे. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता पर्याय पाहू. कोंबडीच्या आतड्यात चांगले आणि वाईट, दोन्ही जंतू राहतात. चांगल्यांची संख्या जास्त असली तर खाल्लेलं अंगी लागतं. सगळे पर्याय याच तत्त्वावर चालतात.

पहिला, प्रोबायोटिक. हे चांगले जिवंत जंतूच. पाण्यातून देताना त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीन नको, नाहीतर ते मरतात. अँटिबायोटिक चालू असताना दिले तरी फुकट जातात.

दुसरा, प्रीबायोटिक. हे चांगल्या जंतूंचं खाणं. यीस्टच्या सालीपासून बनवलेलं मिळतं.

तिसरा, सेंद्रिय आम्लं. यांनी पाणी किंवा खाद्य थोडं आंबट होतं आणि वाईट जंतूंना ते मानवत नाही. प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा.

चौथा, आपल्या मिसळणाच्या डब्यातला. हळद, लसूण, ओवा, आलं. लसणातल्या आणि ओव्यातल्या उग्र द्रव्यांमुळे काही वाईट जंतूंची वाढ रोखली जाते. हळदीनं आतड्याची सूज कमी व्हायला मदत होते. प्रयोगांमध्ये हळद साधारण एक किलो खाद्याला 5 ग्रॅम अशी दिलेली दिसते. म्हणजे 50 किलोच्या गोणीला पाव किलो. घरची, शुद्ध हळद घ्या. रंग लावलेली नको. जास्त घातली म्हणजे जास्त गुण येतो असं नाही. उग्र वासानं पिल्लं खाद्य कमी खातात.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या तायांना एक सांगणं. हिरडा आपल्याकडे भरपूर, म्हणून तो कुटून खाद्यात टाकावासा वाटेल. हिरड्यात तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, फार असतं. ते खाद्यातली प्रथिनं बांधून ठेवतं आणि पिल्लू वाढायचं थांबतं. हिरडा बाजारातच विका.

मग हळद परवडते का? हे दुसऱ्याच्या सांगण्यावर ठरवू नका, आपल्या शेडमध्ये ताडून पाहा. एकाच दिवशी आलेली शंभर पिल्लं जाळी लावून पन्नास-पन्नास अशी वेगळी करा. खाद्य, पाणी, लस, सगळं सारखं. एका बाजूला फक्त हळद जास्त. रोजचं खाद्य मोजून वहीत लिहा, मेलेलं पिल्लू लिहा, विक्रीच्या दिवशी वजन लिहा. शेवटी एकूण खाद्याला एकूण वजनानं भागा. आलेला आकडा जितका कमी, तितकं चांगलं.

समजा, साध्या बाजूनं 175 किलो खाद्य खाऊन 100 किलो वजन दिलं. आकडा आला 1.75. हळदीच्या बाजूनं 170 किलोत तेवढंच वजन दिलं. आकडा आला 1.70. म्हणजे 5 किलो खाद्य वाचलं. पण त्या 170 किलोत हळद गेली 850 ग्रॅम. आता आपल्या गावच्या भावानं 5 किलो खाद्याचे पैसे आणि 850 ग्रॅम हळदीचे पैसे शेजारी शेजारी मांडा. फरक फारसा उरत नाही, कधी उलटाही जातो. घरच्या वावरातली हळद असेल तर गणित बदलतं.

म्हणून आम्ही आधी दुसऱ्याच गोष्टींवर भर देतो, कारण त्यांना पैसा कमी लागतो. तूस कोरडं ठेवा, ओला भाग रोज काढा. पाण्याची भांडी रोज घासा. बुरशी आलेला मका कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. शेडच्या दारात चुना टाका आणि आतली चप्पल वेगळी ठेवा. एक बॅच गेली की शेड धुऊन काही दिवस रिकामी ठेवा. लासोटा आणि गंबोरोच्या लसी वेळेवर द्या. हळद-लसूण लसीची जागा घेत नाही. हे सगळं असेल तर वरच्या चार पर्यायांना अर्थ आहे. ओल्या, कोंदट शेडमध्ये कोणतीच पुडी चालत नाही.

पिल्लं कंपनीच्या करारावर असतील तर खाद्य त्यांचं असतं. त्यात न विचारता काही मिसळू नका, हिशेब अंगावर येईल. पण गोणीवरचं लेबल वाचायचा आणि "यात अँटिबायोटिक आहे का?" असं विचारायचा हक्क आपल्याला आहे. एकटीनं विचारायला अवघड वाटतं, गटानं विचारलं की उत्तर मिळतं.

आणि पिल्लं खरंच आजारी पडली तर? पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ते सांगितलेले सगळे दिवस द्या, मध्येच सोडू नका. नंतर किती दिवस कोंबडी विकायची नाही तेही विचारून घ्या, आणि गिऱ्हाईक दारात आलं तरी तेवढे दिवस थांबा. खाद्याबद्दल शंका असेल तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

आमच्या गटात ती पावडर आता बंद आहे. शेडच्या खांबाला एक वही टांगली आहे. रोज संध्याकाळी जिची पाळी ती खाद्य आणि मरतूक लिहिते. पुढच्या बैठकीला तुमचीही वही घेऊन या, आकडे शेजारी ठेवून बोलू.